टेंडर लिहायचं ते टिपणी लिहिणाऱ्यासाठी

प्रश्न थोडक्यात असा. मोहोळ तालुक्यातलं एक तरुण जोडपं आहे. तो कृषी पदवीधर, ती राहुरी कृषी विद्यापीठातून मृदशास्त्रात एम.एस्सी. झालेली. दोघांनी माती-पाणी तपासणीची छोटी प्रयोगशाळा काढली. चार वर्षं डाळिंब-द्राक्षवाल्यांची आणि एका साखर कारखान्याच्या ऊसवाल्यांची कामं केली. आता सरकारी काम मिळवायचं म्हणून माती नमुने गोळा करून तपासून देण्याचं टेंडर दोनदा भरलं. पहिल्या खेपेला तांत्रिक लिफाफ्यातच, म्हणजे दर उघडण्याआधीच्या कागदांच्या छाननीतच, बाद झाले. दुसऱ्या खेपेला पात्र ठरले, पण दरात दुसरा नंबर आला. विचारतात, “प्रस्ताव लिहिण्यात आम्ही कुठं कमी पडतो? पुण्याचा एखादा कन्सल्टंट लावू का? सगळं आधीच ठरलेलं असतं म्हणतात, ते खरं का? आणि फर्म बायकोच्या नावावर केली तर फायदा होतो म्हणतात, करू का?”

कन्सल्टंटचं आधी सांगतो: लावू नका. तुमच्या प्रस्तावाची भाषा चांगलीच आहे, जरा जास्तच चांगली आहे. पहिली चार पानं ‘माती म्हणजे काळी आई’ यावर खर्च झालीत. मी सोलापुरात बसून बावीस वर्षं शेतीखात्याची टेंडरं भरतोय. रोपं, माती तपासणी, प्रशिक्षणं, पाणलोटाची मूल्यमापनं, सगळं करून झालं. मधल्या काळात तीन-चार वेळा बाहेरचा तांत्रिक माणूस म्हणून छाननी समितीतही बसलो. भरताना दहा वर्षांत जे कळलं नव्हतं ते तिथं एका दुपारी कळलं.

त्या दुपारचं सांगतो. एका कार्यालयात सात निविदा उघडल्या होत्या. टेबलाच्या कडेला एक वरिष्ठ सहायक बसलेले. समोर आडवा तक्ता, डाव्या बाजूला निविदेतल्या अटी ओळीनं लिहिलेल्या, वर सात फर्मची नावं. हातात फूटपट्टी. एक अट घ्यायची, तिच्याखाली पट्टी धरायची आणि सातही प्रस्तावांत तो कागद शोधायचा. सापडला की चौकटीत पान क्रमांक, नाही सापडला की रेघ. एका फर्मचा प्रस्ताव दोनशे पानांच्या वर होता, रंगीत, ड्रोनच्या फोटोंसकट. तीन वर्षांच्या उलाढालीचा दाखला त्यात सापडेना. पंधरा मिनिटांनी ताळेबंदाच्या पोटात आकडे मिळाले. सहायक म्हणाले, “साहेब, आकडा हाय, दाखला न्हाई.” लेखाधिकाऱ्यांनी मानही वर न करता सांगितलं, “मग दाखला जोडला नाही असंच लिवा.” ड्रोनचे फोटो कुणी पाहिले नाहीत.

मला वाटतं सगळी गोम इथंच आहे. आपण साहेबांना पटवायला लिहितो. पण साहेबांना आपण पटलो तरी त्यांना फाईलवर टिपणी ठेवावी लागते: अमुक फर्म पात्र का, तमुक अपात्र का, गुण इतके का दिले. त्या टिपणीवर लेखा शाखा बोट ठेवणार, वर्षा-दोन वर्षांनी लेखापरीक्षण बोट ठेवणार, हरलेला माणूस माहिती अधिकारात प्रत मागणार. तुमच्या प्रस्तावातलं वाक्य उचलून त्यांना टिपणीत जसंच्या तसं टाकता आलं, तर तुम्ही त्यांचं काम हलकं केलंत. टाकता आलं नाही, तर तुमच्यासाठी नवं वाक्य रचायची जोखीम कुणी घेत नाही. म्हणून लिहिताना डोळ्यांपुढं तो फूटपट्टीवाला माणूस ठेवा.

त्याच्यासाठी प्रस्तावाचं पहिलं पान म्हणजे अटपूर्ततेचा तक्ता. निविदेतली अट, तिचा परिच्छेद क्रमांक, आपलं उत्तर एका ओळीत आणि आपल्या प्रस्तावातलं पान. अटी निविदेच्याच शब्दांत आणि निविदेच्याच क्रमानं लिहायच्या. स्वतःची हुशारी करून क्रम बदलायचा नाही. पानांवर सलग आकडे टाकायचे. स्कॅन केलेले कागदही त्यातच आले. एवढं केलं तरी निम्म्या लोकांच्या पुढं जाता, कारण निम्मे लोक हे करतच नाहीत.

तुमच्या पहिल्या टेंडरचे कागद मी पाहिले. बाद होण्याची कारणं तीन होती आणि तिन्ही माती तपासणीशी संबंध नसलेली. सीएच्या उलाढाल दाखल्यावर यूडीआयएन नव्हता. २०१९ पासून सीएनं दिलेल्या प्रत्येक दाखल्यावर तो अठरा अंक-अक्षरांचा क्रमांक लागतो आणि तो कुणालाही संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. तो नसेल तर दाखला म्हणजे नुसता कागद. दुसरं, प्रतिज्ञापत्र शंभराच्या मुद्रांकावर होतं. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभराच्या जागी पाचशेचा मुद्रांक लागतो. कार्यालयाचा नमुना जुनाच राहिलेला असतो, त्यात ‘रु. १००’ छापलेलं असतं आणि आपण त्यावर विसंबतो. तिसरं कारण तुम्हाला झोंबलं असेल: कारखान्याचा अनुभव दाखला. त्यावर ‘सदर फर्मने आमच्याकडे चांगले काम केले आहे, त्यांना शुभेच्छा’ असं लिहिलंय. शुभेच्छांचे गुण नसतात हो. दाखल्यात कार्यादेशाचा क्रमांक आणि तारीख, किती नमुने, किती रक्कम, सुरू कधी, पूर्ण कधी आणि ‘काम समाधानकारकरीत्या पूर्ण’ हे शब्द हवेत. मजकूर आपणच टाईप करून न्यायचा. शेतकी अधिकारी सही करायला नाही म्हणत नाहीत, कंटाळा येतो तो मजकूर बनवायला. खासगी कामाचा अनुभव असेल तर सोबत बिलं आणि टीडीएस कापल्याचा २६एएस जोडा, म्हणजे काम खरंच झालं आणि पैसे खरंच मिळाले हे दिसतं.

जाता जाता आणखी एक बघा. तुमच्या पॅनवर फर्मचं नाव ‘अ‍ॅग्रो’ आहे, लघुउद्योगाच्या उद्यम नोंदणीवर ‘अ‍ॅग्री’ आणि बँकेत ‘अ‍ॅग्रो सर्व्हिसेस’. या वेळी कुणी धरलं नाही. पुढच्या वेळी हरणारा धरेल.

कागद झाले. आता निविदा वाचण्याविषयी, कारण माझ्या मते लिहिण्यापेक्षा वाचण्यालाच जास्त वेळ द्यायला हवा. निविदा छापून घ्या. मोबाईलवर वाचून टेंडर भरणारा माणूस मी अजून जिंकलेला पाहिला नाही. पहिल्या वाचनात फक्त ‘आवश्यक’, ‘बंधनकारक’, ‘अपात्र’ हे शब्द जिथं येतात तिथं खुणा करा. दुसऱ्या वाचनात हे काम कुठल्या पैशातून होतंय ते शोधा. केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र केंद्राचं, तिथं केंद्राचे २०१७ चे सामान्य वित्तीय नियम आणि बहुतेक खरेदी केंद्राच्या जेम या खरेदी पोर्टलवर. जिल्हा परिषद किंवा राज्याचं कृषी खातं असेल तर उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयातली खरेदी कार्यपद्धती आणि राज्याचं महाटेंडर्स हे निविदा पोर्टल. सूक्ष्म-लघु उद्योगाच्या सवलती, बयाणा रकमेची (निविदेसोबतच्या अनामतीची) सूट, अनुभवाची शिथिलता यांचे नियम दोन्हीकडे सारखे नाहीत. बयाणा माफ आहे म्हणजे अनुभवाची अटही माफ, असं समजून बाद झालेले मी कितीतरी पाहिलेत. माफी जेवढी लिहिली असेल तेवढीच.

बोलीपूर्व बैठकीला, म्हणजे निविदा भरण्याआधी कार्यालय शंका ऐकून घेतं तिला, जा. नुसतं चहा प्यायला नको, दोन दिवस आधी लेखी प्रश्न देऊन जा. तोंडी उत्तराला काडीची किंमत नाही. उत्तर शुद्धिपत्रकात आलं तरच खरं. आणि शुद्धिपत्रक शेवटच्या दिवसापर्यंत निघू शकतं, म्हणून पोर्टल रोज उघडून बघायचं.

आता तुमच्या दुसऱ्या टेंडरकडे येतो. त्यात तुम्ही पात्र ठरलात, पण कामाचा आराखडा वाचून मला वाईट वाटलं. तुम्ही रोज मातीत हात घालणारी माणसं, आणि आराखडा कुठून तरी उतरवलेला. कळलं कसं? स्फुरद तपासणीपुढं ‘ब्रे पद्धत’ लिहिलंय. ब्रे आम्लधर्मी जमिनीसाठी, कोकणातल्या जांभ्या मातीला चालेल. आपल्याकडची माती विम्लधर्मी, वर चुनखडीची, इथं ओल्सेन. तुमच्या प्रयोगशाळेत तुम्ही ओल्सेननंच करता हे मला माहीत आहे. म्हणजे करता बरोबर आणि लिहिता चूक! समितीत माती कळणारा एक जरी माणूस असेल तर त्या एका शब्दावर तो पुढचं सगळं संशयानं वाचतो.

आराखड्यात सोलापूर दिसलं पाहिजे. मी तुमच्या जागी असतो तर कसा लिहिला असता ते सांगतो. आकडे उदाहरणादाखल धरा: पाच तालुके, ६,००० नमुने, मृदा आरोग्य पत्रिकेतले बाराही घटक: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. पत्रिकेच्या योजनेत नमुन्याचा चौकोन बागायतीत २.५ हेक्टरचा आणि जिरायतीत १० हेक्टरचा. म्हणजे उजनीच्या कालव्याखालच्या गावात नमुने जवळजवळ आणि मंगळवेढ्याच्या काळ्या रानात लांबलांब. नुसते सगळ्या तालुक्यांना समान भागून टाकले की जाणकाराला कळतं, या माणसानं नकाशा उघडलेला नाही.

दोन माणसं आणि एक मोटारसायकल अशी जोडी माझ्या अनुभवात दिवसाला पंधरा-सोळा नमुने नीट घेते. जास्त घेते म्हणणारा रस्त्याकडेचीच माती घेतो. सोळा धरले तर ६,००० नमुन्यांना ३७५ जोडी-दिवस, म्हणजे दहा जोड्यांना साधारण ३८ दिवस. नमुना घ्यायला रान मोकळं हवं. शाळूची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि मृगाचा पाऊस पडला की पेरण्यांची घाई. मधले एप्रिल-मे आपले, पण पारा चाळीसच्या वर. सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी दोन तास, असंच लिहा. दिवसभर काम होईल असं लिहिलं तर वाचणारा सोलापूरचाच असतो, तो हसतो.

खरी अडचण शिवारात नसते, प्रयोगशाळेत असते. तुमच्याकडं बारा घटकांचे दिवसाला साठ नमुने होतात. ६,००० ला शंभर कामाचे दिवस. मार्च अखेरीला सुरू केलं तरी जुलै संपतो, आणि निविदेत तर ‘खरीपपूर्वी पत्रिका वाटप’ लिहिलंय. तुम्ही प्रस्तावात काय केलंत? ‘आम्ही ४५ दिवसांत पूर्ण करू’ लिहिलंत. साठ गुणिले पंचेचाळीस म्हणजे २,७००. यंत्रांची यादी तुम्हीच जोडलीय, गुणाकार कुणीही करू शकतो.

इथंच उठून दिसण्याची जागा होती. पाचही तालुके एकाच वेळी पेरत नाहीत. बार्शीत सोयाबीन, अक्कलकोटला तूर-उडीद, यांना पत्रिका जूनच्या आधी हातात हवी. मंगळवेढा, सांगोला, मोहोळचा जिरायती भाग हा रब्बीचा मुलूख. मालदांडी ज्वारी पेरायची ती सप्टेंबर-ऑक्टोबरात. मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला मे महिन्यात पत्रिका देऊन काय उपयोग, पेरणीपर्यंत ती पत्रिका कुठल्या कपाटात आहे तेही त्याला सापडत नाही. तेव्हा लिहा: पहिला टप्पा बार्शी-अक्कलकोट, २,४०० नमुने, चाळीस कामाचे दिवस, मेच्या मध्यापर्यंत पत्रिका. दुसरा टप्पा उरलेले ३,६००. गोळा करायचे मे संपायच्या आत, रान मोकळं आहे तोवर; तपासून द्यायचे जुलै अखेर, रब्बीच्या चांगले महिनाभर आधी. यंत्रांची क्षमता तीच, माणसं तीच, फक्त क्रम पेरणीप्रमाणे. निविदेच्या मुदतीत हे बसत नसेल तर बोलीपूर्व बैठकीत हाच टप्प्यांचा तक्ता लेखी मांडून मुदतीविषयी विचारा. खात्यालाही पत्रिका वेळेत वाटल्याचा अहवाल वर पाठवायचा असतो. हा परिच्छेद टिपणीत जसाच्या तसा जातो, पैज लावतो.

आणि वेळापत्रकात आषाढी विसरू नका. दोन्ही पालख्या जिल्ह्यात असतात त्या दिवसांत माळशिरस-पंढरपूरकडं गाडी हलत नाही, आणि पत्रिका वाटायला गेलात तर घरी कुणी सापडत नाही.

नमुना कसा घेणार हे पानभर लिहा, पण स्वतःच्या हातानं. इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा, पंधरा ते वीस सेंटिमीटर, शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी. बांध, झाडाची सावली, उकिरडा, विहिरीजवळची जागा टाळून. सगळी माती एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन काढून टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. हे सगळेच लिहितात. त्यापुढं जा. लोह तपासायचं असेल तर गंजक्या लोखंडी खुरप्यानं माती खरवडायची नाही, हे लिहा. चिठ्ठ्या दोन, एक पिशवीत आणि एक बाहेर, शिसपेन्सिलीनं, कारण ओल्या मातीत शाई फुटते.

आणि चुकलं कुठं होतं तेही वापरा. २०१५ साली आमच्याच पोरांनी एका गावचे नमुने युरियाच्या रिकाम्या पोत्यांवर वाळत घातले. प्रयोगशाळेत त्या गावचं नत्र असं काही वर आलं की आधी आम्हीच खूश झालो, गाव सुपीक निघालं म्हणून. मग शंका आली, जाऊन बघतो तर पडवीत पोती अंथरलेली. एकशे चाळीस नमुने पदरमोड करून परत घेतले. तेव्हापासून आमच्या प्रत्येक प्रस्तावात ओळ असते: ‘नमुने स्वच्छ सुती कापडावर सावलीत वाळवले जातील, खताच्या गोण्यांचा वापर केल्यास तो संपूर्ण लॉट रद्द करून स्वखर्चाने पुन्हा घेतला जाईल.’ एका समितीत एक कृषी अधिकारी ती ओळ वाचून थांबले आणि म्हणाले, “यांनी काम केलेलं दिसतंय.” अनुभवाचा दाखला वेगळा आणि हे वेगळं. अशी ओळ विकत मिळत नाही, कन्सल्टंटकडं तर नाहीच.

दर. दुसऱ्या टेंडरमध्ये तुम्ही दुसरे आलात याचं फार मनाला लावून घेऊ नका. पहिल्याचा दर बघितला मी. त्या दरात बोरॉनसकट बारा घटक प्रामाणिकपणे होत नाहीत. तुमचा दर बरोबर होता की नाही हा प्रश्न वेगळा, आणि त्यात दोन भोकं आहेत. एक जीएसटीचं. शेती उत्पादनाशी थेट संबंध असलेल्या तपासणीच्या सेवेला २०१७ च्या १२ क्रमांकाच्या अधिसूचनेत सूट आहे. तुम्ही ती घेतलीत, ठीक. पण आपली सेवा करमुक्त असली की रसायनं आणि काचसामान घेताना भरलेला जीएसटी परत मिळत नाही, तो आपल्याच खर्चात येतो. तो तुम्ही दरात धरलेलाच नाही. या कामाला सूट लागू आहे की नाही हे बोलीपूर्व बैठकीत विचारून शुद्धिपत्रकात आणून घ्या, नाहीतर एक जण करासह दर भरतो, दुसरा करावेगळा, आणि तुलना फसते.

दुसरं भोक म्हणजे पैसे अडकण्याचं. काम मेमध्ये होतं, बिल निघतं अनुदान आलं की. लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, असं २००६ चा कायदा सांगतो. हक्क आहे, तो सोडा असं मी म्हणत नाही. पण ज्या कार्यालयाकडं पुढच्या वर्षी परत जायचंय तिथं पहिल्याच बिलाला कायदा कुणी दाखवत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. तेव्हा पाच-सहा महिन्यांचं कॅश क्रेडिटचं व्याज नमुन्यामागे किती पडतं ते काढून दरातच घाला. त्यात बसत नसेल तर ते टेंडर सोडा. सोडलेल्या टेंडरनं मी कधी बुडालो नाही, घेतलेल्या दोनांनी बुडवलं होतं.

सगळीकडं कमी दरच जिंकतो असंही नाही. पुरवठा, नमुना तपासणी अशा कामांत बहुतेकदा पात्र लोकांतला सर्वात कमी दर. तिथं लेखनाला गुण नाहीत, लेखन फक्त दारातून आत नेतं. म्हणून चाळीस पानांत आटपा. पण मूल्यमापन, सर्वेक्षण, प्रकल्प अहवाल अशा सल्ला सेवांत गुण आणि दर यांची सांगड घालतात. समजा ७०:३० आहे. तुम्हाला तांत्रिक ८४ गुण आणि दर ३० लाख; दुसऱ्याला ७६ गुण आणि दर २७ लाख. दराचे गुण त्याला १००, तुम्हाला २७ भागिले ३०, म्हणजे ९०. तुमची बेरीज ५८.८ अधिक २७, म्हणजे ८५.८. त्याची ५३.२ अधिक ३०, म्हणजे ८३.२. तीन लाख महाग असून काम तुमचं. अशा निविदेत गुणांचा तक्ता दिलेला असतो: कार्यपद्धतीला इतके, मनुष्यबळाला इतके, तत्सम कामाला इतके. पानं त्याच प्रमाणात वाटा. ज्याला पाच गुण त्यावर पंधरा पानं आणि ज्याला तीस गुण त्यावर दोन, असं तुमच्यासारखे लेखनाची हौस असलेले लोक हमखास करतात. मनुष्यबळात ज्यांची नावं द्याल त्यांची सही असलेलं संमतिपत्र घ्या. एकच तज्ज्ञ तीन प्रतिस्पर्ध्यांच्या प्रस्तावांत सापडला असंही मी पाहिलंय, समितीत हशा पिकला होता.

भरण्याच्या दिवसाचं थोडक्यात. आदल्या दिवशीच भरा. बयाणा एनईएफटीनं भरणार असाल तर दोन दिवस आधी, कारण पैसे पोर्टलला दिसायला वेळ लागतो. महाटेंडर्सवरची दरपत्रकाची एक्सेल फाईल उतरवून घेतली की तिचं नाव बदलायचं नाही, ‘फायनल रेट’ वगैरे तर अजिबात नाही. पोर्टल ती घेतच नाही. सगळं चढवल्यावर शेवटी ‘फ्रीझ’ करावं लागतं. हे मी शिकलो ते असं: सगळे कागद चढवले, दर चढवला, समाधानानं पार्क चौकात जाऊन चहा घेतला, परत आलो तर मुदत संपलेली आणि पोर्टलवर आमची निविदा अर्धवट. फ्रीझ केलंच नव्हतं. त्या वेळी सर्वात कमी दर आमचाच होता, हे नंतर कळलं. घड्याळ पोर्टलचं धरायचं, भिंतीवरचं नाही.

‘ठरलेलं असतं का?’ काही ठिकाणी असतं, खोटं कशाला बोलू. अटीच एका माणसाच्या मापानं शिवलेल्या दिसतात: एखाद्या यंत्राचं विशिष्ट मॉडेलच हवं, अनुभव नेमका एका जिल्ह्यातलाच हवा. अशी अट दिसली तर बोलीपूर्व प्रश्नात सभ्य भाषेत विचारा, की या अटीचा कामाच्या गुणवत्तेशी संबंध काय, समकक्ष यंत्र चालेल का. माझ्या अशा लेखी प्रश्नांवर दोनदा अट बदलली आहे. बदलली नाही तर पुढं निघा. पण हरलेलं प्रत्येक टेंडर ठरलेलंच होतं असं म्हणायची सवय लावून घेतली की आपली चूक दिसायची बंद होते. तुमचं पहिलं टेंडर ठरलेलं नव्हतं, तीन कागदांनी गेलं. पोर्टलवर तांत्रिक छाननीचा निकाल कारणासह टाकतात, तो उतरवून ठेवा. तिथं नसेल तर माहिती अधिकारात मागा, तीस दिवसांत उत्तर येतं.

याच ओघात एक इशारा. कुणी ‘आपल्याला फक्त सपोर्टला एक टेंडर टाका’ म्हणून येईल, बयाणाही तोच भरेल. टाकू नका. त्याची आणि ‘सपोर्ट’च्या दोन अशा तिन्ही निविदा एकाच संगणकावरून चढल्या, तिन्ही प्रतिज्ञापत्रं एकाच नोटरीची, एकाच तारखेची आणि एकाच चुकीच्या शुद्धलेखनाची निघाली, की काळ्या यादीत तिघंही जातात. त्यानंतर प्रत्येक निविदेत ‘आमची फर्म काळ्या यादीत नाही’ हे प्रतिज्ञापत्र तुम्हाला देता येणार नाही.

राहिलं फर्म बायकोच्या नावावर करण्याचं. केंद्राच्या खरेदी धोरणात वर्षाच्या खरेदीतला २५ टक्के वाटा सूक्ष्म-लघु उद्योगांचा आणि त्यातले ३ टक्के महिलांच्या उद्योगांचे. सेवा देणाऱ्यांना हे लागू आहे, नुसत्या व्यापाऱ्यांना नाही. सर्वात कमी दराच्या १५ टक्के वरपर्यंत तुमचा दर असेल तर तो दर खाली आणून कामाचा वाटा घेण्याची संधी मिळते. हा फायदा केंद्राच्या संस्थांत आणि जेमवर. राज्याच्या निविदेत काय लिहिलंय ते त्या-त्या वेळी बघायचं. पण ‘नावावर’ या शब्दाचा मला राग आहे. मालकी त्यांची असेल तर बँक खात्यावर सही त्यांची, डीएससी (डिजिटल सही) त्यांची, आणि समितीनं सादरीकरणाला बोलावलं तर बोलणार त्याच. तुम्हीच लिहिलंय की प्रयोगशाळा त्या सांभाळतात आणि तुम्ही शिवार. म्हणजे ओल्सेन की ब्रे हे समितीला त्यांच्याइतकं कुणीच सांगू शकणार नाही. मग करा. फक्त पॅन, उद्यम आणि बँक, तिन्हीकडं नाव या वेळी एकाच स्पेलिंगनं टाका. आणि एक लक्षात घ्या, नव्या मालकीची फर्म म्हणजे जुन्या चार वर्षांचा अनुभव आपोआप तिच्या नावावर येत नाही. तेव्हा बदल करण्याआधी सीएकडं जाऊन बसा आणि आत्ताच्याच फर्ममध्ये त्यांना ५१ टक्क्यांची भागीदार करून घेता येतं का ते विचारा. कारखान्याचा नवा दाखला मात्र त्याआधी, आत्ताच्या नावानंच घेऊन ठेवा.